एकशे वीस

दिवाळी सुट्टीचा चौथा दिवस, कोल्हापूर,
जुन्या अध्यापक विद्यालयाचा वरचा हॉल.
चौतीस शिक्षक, अकरा लॅपटॉप,
त्यातले दोन वायर धरून ठेवली तरच चालणारे.

आमच्यासाठी संगणक म्हणजे
खिचडीच्या तांदळाचा हिशेब भरायचं दार,
रात्री साडेअकराला उघडणारं,
तेही भुदरगडच्या कुठल्यातरी टेकाडावर हात उंच करून उभं राहिल्यावर.
आज त्याच पडद्यावर हिरवं कासव बसलंय
आणि आमच्या तोंडाकडं बघतंय.

शिरीन मुजावर, वय असेल सव्वीस, म्हणते,
"याला स्वतःचं डोकं नाही. सांगाल तेवढंच करतं."
मागून खोराटे गुरुजी: "म्हंजे आमच्यागतच की."
हसू. चहा. हजेरीच्या सह्या.

चौरस सगळ्यांना जमला.
शंभर पावलं पुढे, नव्वद अंश वळ, असं चारदा.
"चारदा कशाला लिहिता, 'पुन्हा पुन्हा'चा ठोकळा घ्या,"
आणि मला वाटलं, तो तर आम्ही
पंचवीस वर्षं पोरांवर वापरतोय.

मग समभुज त्रिकोण.
झोपेतून उठवून विचारा. साठ, साठ, साठ.
मी साठ लिहिले, ठाम,
फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढते तसे.
कासव निघालं, वळलं,
निघालं, वळलं,
आणि तिसऱ्या रेघेच्या शेवटी उघड्यावरच थांबलं:
गुळाचा रवा उभा चिरावा तसा आकार,
फक्त बूड गायब.

"बिघडलंय हे," मी म्हणाले.
शेजारचंही बिघडलं होतं.
त्याच्या शेजारचंही.
अकरा पडद्यांवर एकच चूक,
सगळ्यांनी मिळून पाठ केलेली.

शिरीननं उत्तर सांगितलं नाही.
दारातून तीन चपला उचलून आणल्या,
कुणाच्या कुणास ठाऊक,
आणि फरशीवर तीन टोकांना मांडल्या.
"आता कुणीतरी कासव व्हा."
भोपळे बाई म्हणाल्या, "मी चालतो की."
पण त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट, म्हणून मी उठले.

सहा पावलं. चप्पल आली.
"वळा साठ."
वळले, तर नाक पाण्याच्या पिंपाकडं.
तिसरी चप्पल अजून कुठंच नाही.
"अजून."
वळले.
"अजून, बाई."
आले होते जवळजवळ तिकडंच तोंड झालं,
तेव्हा कुठं ती समोर दिसली.

साठचा कोन होता. तिथंच होता, माझ्या टाचेशी.
पण अंग एकशे वीस फिरलं होतं.
बघणाऱ्याला आतला कोन पुरतो,
चालणाऱ्याला तेवढ्यात भागत नाही.

हे मला आधी एकानं सांगितलं होतं.
सुशांत डवरी, चौथी, बाप कारखान्याच्या ट्रॅक्टरवर.
"बाई, टोक जेवढं बारीक
तेवढं जास्त वळवायला लागतंय.
मागं ट्रॉली असली की लईच."
मी म्हणाले होते, ट्रॅक्टर परीक्षेत येत नाही, खाली बस.
तो बसला.
एकदा सांगितलं की बसायचा तो.

जागेवर येऊन एकशे वीस लिहिले.
टोकाला टोक लागलं. टाळी कुणी वाजवली नाही,
खोराटे गुरुजी चष्मा पुसत राहिले नुसते.
शिरीन म्हणाली, "आता पंचकोन?"
दोघंजण उठून चपला शोधायला गेले.

संध्याकाळी आमची एसटी फाट्यावर अडकली.
पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
कारखान्याच्या रस्त्याला वळत होता.
चालकाचा चेहरा उसाच्या वाढ्यांआड.
कंडक्टर वैतागला, कुणी हॉर्नवर हात ठेवला.
मी खिडकीतून मोजत होते,
साठ, नव्वद, शंभर,
आणि मागची ट्रॉली
अजून वळायचीच होती.